पाण्याचं सोंग

पाण्याचं सोंग मी घेतलं ते काही हौसेनं नाही. दुसरं कुणी तयारच होईना! नव्वदीतला तो पूर ओसरला तेव्हा गोडादरा या कामगारवस्तीतल्या आमच्या गल्लीत गुडघाभर चिखल होता आणि शेजाऱ्याची बायको वाहून गेली होती. खाडीकाठच्या मोकळ्या जागेत भरदुपारी पाण्याचं सोंग घेतलेल्याला झोडपायचं, म्हणजे ते परत फिरकत नाही, असं आमच्या खानदेशी म्हाताऱ्यांनी काढलं. मुखवटा बांधला की पाण्यानं बोलायचं नाही, हात उचलायचा नाही. आणि पहिला मार ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याचा.

म्हणजे शेजाऱ्याचा. आम्ही दोघं एकाच कारखान्यात माग चालवायचो. पूर आला त्या दिवशी तो पाळीवर होता, मी घरी. पाणी चढलं तसा मी बायकोपोरांना घेऊन घराच्या पतऱ्यावर गेलो आणि भिंतीला कायम लावलेली शिडी वर ओढून घेतली. पतरा वाकत होता हो! खाली त्याची बायको हात वर करून हाका मारत होती. पाणी उतरल्यावर शिडी वरच प्लास्टिकखाली दडवली, दोर लावून खाली आलो आणि सगळ्यांना सांगितलं, वाहून गेली.

वाटलं, चार फटके खाल्ले की सुटलो. भेकड साला मी.

ढोल सुरू झाला. मारायला पीळ दिलेलं ओलं फडकं द्यायचं ठरलं होतं. शेजाऱ्याचा पहिलाच फटका पाठीवर बसला आणि माझा श्वास अडकला. फडक्याच्या आत मागाचा चामडी पट्टा होता. दुसरा कानाखाली, तिसरा तोंडावर. मुखवटा फुटला, दात ओठात घुसले, रक्त गळ्यापर्यंत आलं. लोक ओरडत होते, "हाण! अजून हाण!" माझी बायको तेवढी पदर तोंडात कोंबून उभी होती. मी एक शब्द बोललो असतो तर चौघांनी त्याला धरलं असतं. सोंगाचा नियम म्हणून गप्प राहिलो, असं मी पुढं सांगत आलो. खोटं आहे ते.

मी गुडघ्यांवर कोसळलो. त्यानं फुटक्या मुखवट्यात बोटं घालून माझं तोंड वर केलं. रडत नव्हता तो. अगदी हळू, घरच्या बोलीत विचारलं, "शिडी कोठे शे?"

मी हात उचलला आणि आमच्या पतऱ्याकडं बोट केलं.