उकाईसान यांची घरातली यंत्रे

आमच्या कंपनीत कुणाला कामावरून काढत नाहीत. निरुपयोगी करून जपतात. या क्रौर्यालाच आम्ही सौजन्य म्हणतो.

मासळीच्या वड्या बनवणाऱ्या, शिओगामा बंदरातल्या या कंपनीचे सर्व्हर सांभाळण्यात उकाईसान यांचे आयुष्य गेले. नववर्षाच्या मागणीचा भार त्या यंत्रांना पेलेनासा झाला, तेव्हा तरुण विभागप्रमुख शिमोदाइरा यांनी सगळेच क्लाउडवर, म्हणजे बाहेरच्या भाड्याच्या यंत्रांवर, नेण्याचा प्रस्ताव मांडला. उकाईसान बैठकीत प्रथमच उभे राहिले.

"मागणीची नोंद बाहेर जाऊ द्या. पण पाककृती आणि पगार घरातच राहू देत. आपली तिजोरी कुणी शेजाऱ्याकडे ठेवतं का?"

सर्वांनी माना डोलावल्या. काही बाहेर, काही घरी, अशी संमिश्र योजना मंजूर झाली. त्या दिवसापासून उकाईसान ताठ मानेने चालू लागले.

शरदातल्या एका रविवारी, दरवर्षीप्रमाणे, विद्युत तपासणीसाठी कचेरीची वीज बंद ठेवायची होती. इमारतीची व्यवस्था माझ्याकडे, म्हणून मी हजर होतो. शिमोदाइराही आले होते. उकाईसान यांनी यंत्रे रीतसर बंद केली आणि रिवाजाप्रमाणे कारखान्याच्या मुकादमाला माफीचा फोन लावला.

"किकुतासान, संध्याकाळपर्यंत पाककृती दिसणार नाहीत. गैरसोयीबद्दल माफ करा."

"दिसतायत की!" पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "वसंतापासून सगळं बाहेरूनच येतंय. थट्टा करता काय राव?"

शिमोदाइरा कानापर्यंत लाल झाले. "उकाईसान, तुमचं मन मोडायचं नव्हतं हो. निवृत्तीपर्यंत तरी..."

उकाईसान यांनी आता ओरडावे, अशी माझी मनोमन इच्छा होती. ते कमरेतून वाकले.

"माझ्यापायी तुम्हा सगळ्यांना इतके दिवस खोटं बोलावं लागलं. क्षमा करा."

शिमोदाइरा त्यांच्याहून खाली वाकले. मीही वाकलो. वर पाहण्याचे धैर्य कुणालाच होईना.

वीज परतली. "सुरू करू का?" उकाईसान यांनी विचारले.

नको म्हणणे हा त्यांचा अपमान होता. करा म्हणणे हा त्याहून मोठा.

"तुम्हाला योग्य वाटेल तसं," शिमोदाइरा पुटपुटले.

उकाईसान यांनी सगळी यंत्रे एकेक करून सुरू केली. पंखे घरघरू लागले. मग शिमोदाइरा आणि मी, काम संपल्यावरच्या रीतीप्रमाणे, एकाच सुरात म्हणालो, "फार कष्ट घेतलेत."