चष्मा घरून येईपर्यंत

चॅपलेन म्हणजे कोण, हे आपल्या मंडळींना मला दरवेळी पहिल्यापासून समजावून सांगावे लागते. अग्निशमन दलाची गाडी एखाद्या संकटात धावून गेली, की त्या घरच्या माणसांजवळ आणि नंतर त्या जवानांजवळही बसणारी व्यक्ती म्हणजे चॅपलेन. पुण्यात मी शाळेत गणित शिकवत असे. निवृत्तीनंतर परदेशात, प्लेनोला मुलाकडे आले आणि रीतसर प्रशिक्षण घेऊन हे काम पत्करले. तरीही मला पुरोहित समजून वास्तुशांतीचा मुहूर्त विचारणारे फोन येतात.

प्रशिक्षणातला पहिला नियम सरळ आहे. मृत्यूची बातमी लवकर सांगावी, स्पष्ट सांगावी आणि ‘मृत्यू’ हाच शब्द वापरावा. मराठी कुटुंबात मात्र त्यासाठी आधी इथल्या मराठी मंडळाची परवानगी काढावी लागते.

त्या शनिवारी दुपारी बॅडमिंटन खेळताना चाळिशीतला एक इंजिनिअर कोसळला. जवानांनी रुग्णालयापर्यंत त्याची छाती दाबत शर्थ केली, पण तो वाचला नाही. कुटुंब मराठी, म्हणून मला बोलावणे आले. त्या जवानांपैकी एक जण रुग्णालयाच्या दाराबाहेर गाडीच्या पायरीवर बसून होता. त्याने एवढेच विचारले, “त्याच्या बायकोला कळलं?”

कळले असेल, असे म्हणून मी आत गेले.

कळले नव्हते. डॉक्टर सांगायला निघाले तेव्हा मंडळाच्या ज्येष्ठ काकांनी त्यांना कॉरिडॉरमध्येच थोपवले होते. आमच्यात असे सांगत नाहीत, आम्ही घरचेच आहोत, आम्ही सांगतो, असे म्हणून ते स्वतः आत गेले आणि तिला ‘सीरियस आहे, ट्रीटमेंट चालू आहे’ असे सांगून आले. तिचा भाऊ सांता क्लाराहून विमानाने निघाला होता. तो पोहोचल्यावर खरे सांगायचे ठरले होते.

“कोणी ठरवलं?” मी विचारले.

“सगळ्यांनी.”

“तिने?”

“मॅडम, हा तुमचा वर्ग नाही. ती एकटी आहे. कोसळली तर सावरणार कोण? इडल्या मागवल्यात, तोवर चार घास पोटात जाऊ देत.”

मी पायरीपायरीने समजावले. मृत्यू अचानक झाला, म्हणून शवविच्छेदन होणार. त्यासाठी त्याला न्यायला काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाची, गाडी थोड्याच वेळात येईल. ती येईपर्यंत तिला त्याच्याजवळ बसता येईल. एकदा नेल्यावर पुन्हा केव्हा पाहता येईल, ते कोणीच सांगू शकत नाही.

काका म्हणाले, “मग गाडीला थांबायला सांगा ना. तुमची ओळख आहे.”

मी डॉक्टरांना बरोबर घेऊन आत गेले. ती नागपूरला डॉक्टर नणंदेशी फोनवर बोलत होती. बायपासनंतर किती आराम लागतो, ते विचारत होती. मला पाहून तिने फोन ठेवला.

“काकू, बरं झालं आलात. खेळताना लेन्सेस असतात त्याच्या, इथे काढल्या असतील. शुद्धीवर आला की चष्मा लागेल. काकांनी घरी पाठवलंय कोणाला तरी.”

म्हणजे त्या खोट्यापायी आता माणसेही कामाला लागली होती.

मी तिच्यासमोर बसले. “वाईट बातमी आहे. त्याचा मृत्यू झाला आहे.”

“कधी?”

“तू इथे पोहोचण्याआधी.”

तिने माझ्या खांद्यावरून दारात येऊन उभ्या राहिलेल्या काकांकडे पाहिले. “काका, तुम्ही मला इडली खा म्हणत होतात.”

ती कोसळली नाही. कोणत्या खोलीत आहे, एवढे विचारून उठली.

ती त्याच्याजवळ असताना चष्मा आला. काका डबी हातात धरून म्हणाले, “आता हा द्यायचा का परत पाठवू?”

“मला काय विचारता? तिने मागवलाय, तिला द्या.”

त्यांनी दाराशी बूट काढले आणि आत गेले. काचेतून दिसले : तिने चष्मा ओढणीने पुसला, त्याच्या डोळ्यांवर लावला आणि काकांसाठी दुसरी खुर्ची ओढली. काउंटीची गाडी येईपर्यंत दोघे तिथेच होते.

त्यानंतर मी त्या जवानाकडे निघाले, तर काका मोजे घातलेल्या पायांनीच मागून आले.

“मॅडम, एक राहिलं. भावालाही आम्ही सीरियसच म्हटलंय. त्याला काय सांगू?”

“शब्द मी सांगते,” मी म्हटले. “‘मृत्यू’. आधी एकदा माझ्यासमोर म्हणून दाखवा.”