पन्हळींची खोली

दुबईच्या पलीकडे रास अल खैमाला खजुराच्या बागेतलं एक जुनं घर दुरुस्त करायचं काम आम्हाला मिळालं. नवरा कॉन्ट्रॅक्टर, ड्रॉइंग्ज माझी. मालक चाळिशीतला अरब, हसतमुख. आजोबांच्या घराचं त्याला गेस्ट हाऊस करायचं होतं.

मागच्या बाजूला एक बिनखिडकीची खोली निघाली. जमिनीत ओळीने उथळ पन्हळी, सगळ्यांचा उतार कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे. नवऱ्याने बघितलं न बघितलं आणि निकाल दिला, "गोठा आहे हा. कोकणात वाढलोय मी, मला शिकवू नकोस." मी म्हटलं, "अहो, गुरं बांधायला खुंटा कुठाय? दावण कुठाय?" पण हे एकदा बोलले की ब्रह्मवाक्य! मालकालाही ते सोयीचंच होतं. तिथे बाथरूम करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी पन्हळी काँक्रीटने बुजवायच्या होत्या.

त्या दुपारी मालक आपल्या म्हाताऱ्या आत्याला घर दाखवायला घेऊन आला. ती थेट त्या खोलीत गेली, चपला काढल्या आणि पायाच्या अंगठ्याने एक पन्हळ चाचपत राहिली. मग बोलायला लागली. आखातातल्या इतक्या वर्षांत मला अरबी बऱ्यापैकी कळतं; नवऱ्याला मी हळूच मराठीत सांगत गेले. इथे खजुराची पोती छतापर्यंत रचायची. भाराने पाक सुटायचा आणि पन्हळींतून वाहत खड्ड्यातल्या रांजणात पडायचा. पोती रचायला तिची आई असायची. आईला लहानपणी समुद्रापलीकडून विकत आणलं होतं.

म्हणजे ही सख्खी आत्या नव्हेच, घरातल्या गुलाम बाईची मुलगी! नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मला हसू काही आलं नाही.

"ही खोली अशीच राहू दे," ती म्हणाली.

"आत्या, तू आमच्या घरचीच आहेस," मालक समजुतीच्या सुरात म्हणाला. "कशाला ते उकरून काढायचं? खलास झालं ते."

मला असा संताप आला त्याचा! तिला आला नसावा. तिने शांतपणे विचारलं, "घरचीच ना? मग माझ्या आईला कुठे पुरलंय, सांग."

तो नवऱ्याकडे वळला. हिंदीत म्हणाला, "बाथरूम दुसरीकडे घ्या." नवऱ्याने लगेच मान हलवली. म्हातारीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती अजून त्याच्या तोंडाकडे बघत होती, उत्तरासाठी.