हौसाआत्याचा खल

रहिमतपूरहून आतेभावाचा फोन आला, "आक्का, आई गेली..." हौसाआत्या गेली. सांगलीच्या घरात मी चहा गाळत होते. पहिला विचार काय आला म्हणाल? आता ती गोष्ट कुणाला कळणार नाही. सहा आठवडे झाले, त्या विचाराची अजून लाज वाटते.

आमच्यात कार्य कुठलंही असो, फेसलेल्या मोहरीचं लाल भोपळ्याचं रायतं आत्याचंच. दगडी खलात गार पाण्याचे थेंब सोडत ती मोहरी फेसायची आणि मधूनच खल नाकाशी धरायची. "झणका टाळूत गेला पायजे. गरम पानी घातलंस तर नुसती कडू हुती, बघ." मी शहाणीनं एकदा घातलंच; ते रायतं गल्लीतल्या गाईनंही हुंगून सोडलं.

माझ्या मुलाच्या साखरपुड्याला आत्या खल पिशवीत घालून एसटीनं आली. नवा फ्लॅट, पुण्याचे पाहुणे, आणि ही स्वयंपाकघरात फरशीवर फतकल मारून बसलेली! मी म्हटलं, "आत्या, पाहुणे जाईपर्यंत आतच बस." बसली बिचारी. जेवताना होणाऱ्या विहीणबाई रायत्यावर खूश. "कुणी केलं हो?" मी पटकन म्हणाले, "केटररनं." वळून बघते तर दारात आत्या.

पुढं लग्नात विहीणबाईंनी तिलाच विचारलं, "साखरपुड्याला त्या केटररचं रायतं खाल्लंत का?" मी शेजारीच उभी. आत्या हसून म्हणाली, "व्हय की. लय गुणाचा मानूस हाय." माझं खोटं तिनं पदराखाली झाकलं... आणि मी मेली साधी माफीसुद्धा मागितली नाही. पुढच्या खेपेला बोलू, पुढच्या खेपेला बोलू, करत चार वर्षं घालवली.

तेराव्याला आतेभावानं खल माझ्या हातात दिला. "'आक्काला दे' म्हनली हुती."

परवा विहीणबाई जेवायला आल्या. त्यांच्यासमोरच, बैठकीच्या खोलीत, फरशीवर बसून मी मोहरी फेसली. रायतं चाखून त्या म्हणाल्या, "अय्या, अगदी त्या केटररसारखं!"

"केटरर नव्हताच," मी म्हटलं. "ते आत्यानं केलं होतं. ती तुम्हाला दिसू नये म्हणून मी तिला आत बसवलं होतं."

त्यांनी चमचा ताटात ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "मग त्या दिवशी त्या जेवल्या कधी?"

खल माझ्या मांडीवर होता. मला काही आठवेना.