शेषरावची वाफ

महाराष्ट्र राज्य होऊन काही वर्षं झाली होती. मी देऊळगाव राजाचा. नौदलाच्या फ्रिगेटवर, म्हणजे छोट्या युद्धनौकेवर, लीडिंग सीमन होतो, ड्यूटी सोनारवर. पाण्यात आवाज सोडायचा आणि तो पाणबुडीवर आपटून परत येतो का, हे कान लावून ऐकायचं. विहिरीत हाक मारावी तसं. अंधाऱ्या केबिनमध्ये तो आवाज ऐकता ऐकता समुद्राचा विसर पडायचा. आपण अंगणात बाजेवर पडलोय आणि लांब देवळातली घंटा वाजतेय, असं वाटायचं. ती तंद्री मला फार आवडे.

खाली टर्बाइनच्या धगीत बॉयलर सांभाळणारा लीडिंग स्टोकर शेषराव होता, देऊळघाटचा. अख्ख्या जहाजावर बुलढाण्याकडचे आम्ही दोघेच.

"तुले बरं हाये बे, बसल्या बसल्या पगार," तो चिडवायचा. "मी खाली भाजून राह्यलो, म्हणून तुह्या मशीनले जीव हाये."

ते खरंच होतं. बॉयलरची वाफ एकच. तीच प्रोपेलर फिरवी आणि तीच जनरेटर. जहाज जोरात पळालं की स्वतःच्याच आवाजानं सोनार बहिरा होई, म्हणून पाणबुडी शोधताना वेग कमी करावा लागे. वेग बदलला की वाफेचा दाब हाले आणि वीजही डळमळे. ती सांभाळणं शेषरावचं काम. शिवाय हळू चालणारं जहाज म्हणजे पाणबुडीला आयतं सावज.

मग लढाई सुरू झाली. एका दुपारी समुद्र झोपल्यासारखा पडला होता. आम्ही वेग उतरवला आणि मला प्रतिध्वनी मिळाला.

"कॉन्टॅक्ट, सर. जवळ येतोय."

"होल्ड कॉन्टॅक्ट. सोडू नकोस," ब्रिजवरून कॅप्टन म्हणाले.

एवढ्यात माझ्यासमोरचा बल्ब मंदावला. प्रतिध्वनी बारीक झाला. मी श्वास रोखला. बल्ब पुन्हा उजळला आणि प्रतिध्वनी परत आला. आमचे बॉम्ब पाण्यात पडले. पाणबुडी वळली, तिचा आवाज लांब लांब जात विरला. कुणीतरी माझी पाठ थोपटली.

"इंजिन रूम टू ब्रिज. वन कॅज्युअल्टी. शेषराव," स्पीकरवर खालून आवाज आला.

जनरेटरजवळ वाफेच्या पाइपचा जोड फुटला होता. वाफ बंद करून बाहेर पडायचं, असा नियम. पण वाफ बंद म्हणजे वीज बंद, आणि डिझेल जनरेटरनं भार घ्यायला काही मिनिटं लागणार. शेषरावनं सोबतच्या दोघांना बाहेर ढकललं. "तुमी निंघा," एवढंच म्हणाला. डिझेल सुरू होईपर्यंत त्या वाफेत तो जनरेटरचा व्हॉल्व्ह उघडा धरून उभा राहिला. डिझेल सुरू झालं तेव्हा तो गेला होता.

रजेवर मी देऊळघाटला गेलो. त्याची माय सुपात मिरच्या निवडत होती.

"मले सांगे, बोटीवरची लाईट मी पाहतो म्हणून," ती म्हणाली. "त्या दिवशी गेली होती का रे लाईट?"

"जराशी मंदावली, माय. गेली नाही."

तिनं सूप खाली ठेवलं आणि तेव्हा कुठे ती रडली. मीही रडलो.