सासूबाईंच्या दाढेचे काप

प्रयोगशाळेत तिला सगळे घासूबाई म्हणत. बशी असो की बाटली, तीनदा खळखळून धुतल्याशिवाय बाईच्या जिवाला चैन नाही. अठरा वर्षं हिरडीच्या पेशी वाढवतेय, एकदाही बुरशी लागू दिली नाही, हा तिचा तोरा.

तो तोरा आता उतरणार होता. दाताच्या मुळाचे काप सौम्य आम्लात बुडवले, तर हिरडीच्या पेशी त्यांना धरतात का, हे प्रयोगशाळा चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना बघायचं होतं; जमलं तर हलत्या दातांवर इलाज सापडणार होता. कापांवर पेशी सोडायच्या, दिवसभर उबेत ठेवायच्या, सुट्या पेशी धुऊन काढायच्या, मग रंग देऊन बघायचं. दोनदा केलं, दोन्हीदा काप कोरे करकरीत.

"आता शेवटचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाही जमलं तर गुंडाळू."

नेमकी त्याच सकाळी सासूबाईंची हलणारी दाढ काढली होती. घासूबाईनं ती मागून आणली, काप केले. अर्धे आम्लात बुडवले, अर्धे तसेच. पेशी सोडून घरी आली, तर सासूबाई गाल धरून बसलेल्या. बाई पेला घेऊन पुढे.

"चांगली खळखळून चूळ भरा बघू."

"अगं, मारतेस का? दातवाल्यानं बजावलंय, जखमेवर नुकतं धरलेलं रक्त खळखळीनं सुटून येतं. उद्या भरायची, तीही पाणी अलगद फिरवून. तुझं चाललं तर मलाच पिळून वाळत घालशील!"

पेला हातातच राहिला. नुकतं धरलेलं! आणि आपण दोन्ही खेपा पिपेटनं वरून धारा मारल्या, कढई विसळावी तशा!

दुसऱ्या दिवशी तिनं बशी तिरकी धरली. पाणी कडेकडेनं, थेंब थेंब उतरू दिलं. अंधारात चमकणारा रंग दिला, खोलीतला दिवा मालवला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. साध्या कापावर मोहरीसारख्या गोल, तुरळक पेशी. आणि आम्लातल्या कापावर? हिरव्याकंच, दाटीवाटीनं, हातपाय पसरून ऐसपैस बसलेल्या!

"बाई! अहो बाई, धरलं!"

डॉक्टरीणबाई एका पायातली चप्पल टाकून धावत आल्या. बघितलं, पुन्हा बघितलं आणि घासूबाईला मिठीच मारली. "गुंडाळायचं नाही! पुन्हा करायचं, दहादा करायचं!"

बाईनं तिथूनच घरी फोन लावला. "सासूबाई, तुमच्या दाढेला हिरडी धरली!"

"कुणाची गं?"

"कुणा ड्रायव्हरची. त्यानं दिलेल्या हिरडीच्या तुकड्यातूनच पेशी वाढवल्यात."

"अगं बाई! परक्या बाप्याची? शेजारी बोलू नकोस हो." मग हळूच, "ऐक, पलीकडचीही हलतेय. तिलाही हिरडी धरेल असं काहीतरी लवकर शोधा. पण तोंडात असतानाच!"