दुसरा ब्रेक

मास्तरांनी चोवीस वर्षं गाडी शिकवली, पण त्या काळात स्टिअरिंगला हात क्वचितच लावला. त्यांची जागा शेजारच्या सीटवर, आणि सगळी सत्ता उजव्या पायात. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा चुकायच्या आत मास्तर तो दाबून मोकळे व्हायचे. "माझ्या हाताखाली हजारेक जण शिकले, एकालाही मी चुकू दिलं नाही," असं छाती फुगवून सांगायचे. मग त्यातले इतके जण लायसन्सच्या परीक्षेत नापास कसे झाले, हा प्रश्न त्यांना पन्नाशी उलटेपर्यंत पडला नव्हता. आता मास्तर हे स्वतःच सांगतात, आणि स्वतःवर हसण्यात दुसऱ्या कुणाला पुढे जाऊ देत नाहीत.

एक्कावन्नाव्या वर्षी त्या उजव्या गुडघ्याने हात टेकले. डॉक्टर म्हणाले, ब्रेक दाबणं बंद. स्कूलचे मालक भले गृहस्थ. त्यांनी सांगितलं, "मास्तर, ऑफिसात बसा. आपली वेबसाइट करा, नोंदण्या सांभाळा. फक्त तो वेब डिझाइनचा वर्षभराचा कोर्स करून सर्टिफिकेट आणा." म्हणजे सर्टिफिकेट मिळालं तर नोकरी, नाही तर घरी बसून खिडकीतून लोकांचं पार्किंग सुधारणं. दुसरी शक्यता बायकोला बहुधा जास्त भीतिदायक वाटली असावी, कारण कोर्सचा फॉर्म तिनेच आणून दिला.

वर्गात बाकीचे अकरा जण विशीतले. पहिल्या आठवड्यात माऊस टेबलाच्या कडेला पोचला, की मास्तर हात वर करायचे, "मॅडम, पुढे रस्ता संपला." माऊस उचलून परत मागे ठेवता येतो, हे त्यांना शेजारच्या मुलीने दाखवलं. शिकवणाऱ्या मॅडम सत्तावीस वर्षांच्या आणि मास्तरांच्याच जुन्या विद्यार्थिनी, लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झालेल्या. पहिल्या दिवशी त्या वर्गात आल्या तेव्हा मास्तरांचा पाय आपोआप पुढे सरकला होता.

शेवटचा प्रोजेक्ट असा होता, की एखादी वाईट वेबसाइट निवडायची आणि ती नव्याने करायची. मास्तरांनी क्षणात शहरातल्या संगीत महोत्सवाची वेबसाइट निवडली. तिच्याशी त्यांचं जुनं वैर होतं. गेल्या वर्षी महोत्सवात बासरी वाजवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. मास्तरांच्या बायकोला त्यांची बासरी फार आवडायची. दोघं नवे कपडे घालून सव्वासातला पोचले, तर माणसं खुर्च्या उचलत होती. कार्यक्रम साडेपाचलाच झाला होता. तेव्हापासून वर्षभर मास्तरांनी भेटेल त्याला त्या वेबसाइटचे वाभाडे काढून दाखवले होते. आता ते सगळं प्रोजेक्टच्या वहीत उतरलं. पहिलंच वाक्य होतं, 'या वेबसाइटवर कार्यक्रमाची वेळ सापडत नाही.'

त्यांनी केलेल्या नव्या पानावर वेळ अशी होती, की समोरून येणाऱ्या ट्रकलाही दिसावी. अर्ध्या पडद्यावर लाल अक्षरांत साडेपाच. मास्तर स्वतःच्याच कामाकडे बघून दोनदा "वा" म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायला कुणीतरी लागेल, म्हणून त्यांनी चाचणी घ्यायचं ठरवलं.

चाचणीचे नियम मॅडमनी फळ्यावर लिहून दिले होते. अनोळखी माणसासारखं एखाद्याला पडद्यासमोर बसवायचं आणि सांगायचं, 'रविवारची बासरी किती वाजता, ते शोधा.' शोधताना मनात येईल ते त्याने मोठ्याने बोलायचं. आपण अवाक्षर काढायचं नाही. सगळं रेकॉर्ड करायचं.

मास्तरांनी एका दुपारी चार शेजारी उरकले. चौघांनाही वेळ मिनिटाच्या आत सापडली. वर्गात रेकॉर्डिंग लावलं तेव्हा मात्र चारही ठिकाणी एकच आवाज ऐकू आला. "तिकडे कुठे? डावीकडे घ्या, डावीकडे! हळू! हां, आता दाबा."

"मास्तर, यात वेबसाइट वापरतंय कोण?" मॅडमनी विचारलं.

वर्ग खो खो हसला. मास्तरही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"चारही रद्द," मॅडम म्हणाल्या. "एकच चाचणी आणा, पण धड आणा. आधी जुनी वेबसाइट, मग तुमची. सोमवारी बघू. पुन्हा तुमचा आवाज आला तर मला पास करता येणार नाही."

चार शेजारी तर संपले होते. उरली बायको. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते आणि दिवसभर लोकांचं ऐकून घेते. रविवारी सकाळी ती चष्मा पुसून लॅपटॉपसमोर बसली. मास्तर शेजारच्या खुर्चीवर, नेहमीच्याच बाजूला. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले. रेकॉर्डिंग सुरू केलं.

"मोठ्याने बोलायचं ना?" तिने विचारलं. मास्तरांनी मान हलवली. "बरं. ही जुनी. फोटो आहेत... छान आहेत. हे काय, तंबू कुठे घालणार त्याचा नकाशा..."

ती भलत्याच पानावर गेली. मास्तरांनी फरशीवर पाय करकचून दाबला. फरशी काही थांबली नाही.

"परत मागे जाते. हं, ही बघा वेळ. इथं खाली. रविवार, साडेपाच. अजून गेल्या वर्षीचंच पान आहे, तेव्हाही इथंच होती."

मास्तरांनी तोंड उघडलं. फळ्यावरचा नियम आठवला. तोंड मिटलं.

"मी बघितली होती ना त्या दिवशी," ती पडद्याकडे बघतच बोलत राहिली. "खिडकीवर गर्दी नव्हती तेव्हा, मोबाइलवर. घरी आल्यावर सांगायला लागले, अहो, कार्यक्रम साडे... तर तुम्ही म्हणालात, माहितेय मला, साडेसात. मग म्हटलं असेल. यांना माहीत असतं सगळं. रस्ताभर वाटत होतं पुन्हा सांगावं. पण तुम्ही सिग्नलवरच्या त्या स्कूटरवाल्याला सुधारत होतात."

वर्षभर त्यांनी अख्ख्या वस्तीत त्या बिचाऱ्या वेबसाइटची अब्रू काढली होती.

"बारा वर्षं रेडिओवर ऐकत होते मी त्या बाईंना. एकदा समोर बसून ऐकायचं होतं. तिथं एका खुर्चीवर कार्यक्रमाचा कागद पडलेला होता, तो उचलून आणला. कपाटात आहे, साड्यांखाली." ती थांबली. "फारच बोलले का? तुम्ही मध्ये काही बोलला नाहीत, म्हणून मी आपली बोलत सुटले."

मास्तरांनी जोरात नकारार्थी मान हलवली.

मग तिने मास्तरांची वेबसाइट उघडली. वर गेली, खाली गेली, तिकिटांत शिरली, बाहेर आली. चार मिनिटं झाली. "सापडत नाही हो," ती ओशाळून म्हणाली. मग लाल अक्षरांवर बोट ठेवलं. "अगं बाई, हे साडेपाच म्हणजे ती वेळ होय? एवढं मोठं बघून मला वाटलं घड्याळच लावलंय. म्हटलं, सकाळी साडेपाच कसे दाखवतंय, बंद पडलंय वाटतं."

दुपारभर मास्तर त्या रेकॉर्डिंगसमोर बसून होते. नको तेवढा भाग कापायचा कसा, हे त्यांना याच कोर्समध्ये शिकवलं होतं. मधला तुकडा काढला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. त्यांनी कात्रीच्या चित्रावर बाण नेला. तिचा आवाज पुन्हा एकदा 'अहो, कार्यक्रम साडे' इथपर्यंत आला आणि थांबला. तिथे तिला एकदा त्यांनीच कापलं होतं. मास्तरांनी लॅपटॉप मिटला.

सोमवारी सगळं रेकॉर्डिंग जसंच्या तसं लावलं. घड्याळावर वर्ग पोट धरून हसला. साड्यांखालच्या कागदापाशी मात्र कुणी हसलं नव्हतं.

"मग मूळ अडचण काय होती, मास्तर?" मॅडमनी विचारलं.

"वेबसाइट बरी होती, मॅडम. शेजारी बसणारा वाईट होता."

मॅडमनी रेकॉर्डिंग बंद केलं. "परीक्षेच्या गाडीत तुमचा ब्रेक नव्हता," त्या म्हणाल्या. "तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की मी महिनाभर एकदाही गाडी थांबवलेली नाही. ती तुम्हीच थांबवत होतात."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

मास्तरांनी मनापासून माफी मागितली. चोवीस वर्षांत विद्यार्थ्याची माफी मागायची ही त्यांची पहिलीच खेप होती. मॅडमनी निकाल दिला. डिझाइन टाकाऊ, चाचणी वर्गात सगळ्यात चांगली. डिझाइन पंधरा दिवसांत सुधारून आणायचं. मास्तरांनी सुधारलं. सुधारता सुधारता ते जवळजवळ जुन्या वेबसाइटसारखंच झालं, आणि ते काठावर पास झाले. सर्टिफिकेट मालकांनी ऑफिसात फ्रेम करून लावलं. ते किंचित वाकडं आहे, पण मास्तरांनी अजून हात लावलेला नाही.

पुढच्या महिन्यात बायको दवाखान्यातून आली ती चपला काढता काढताच बोलू लागली. "अहो, या वर्षी पुन्हा येतायत त्या बासरीवाल्या. शनिवारी. कार्यक्रम..."

आणि ती थांबली. सव्वीस वर्षांच्या संसारातली सवय. मास्तरांनी मध्ये बोलावं म्हणून तिने जागा सोडली होती.

वेळ मास्तरांना ठाऊक होती. सहा. सकाळीच त्यांनी तीनदा बघितली होती. उजवा पाय फरशीवर दाबला गेला. त्यांनी तो सावकाश उचलून मागे घेतला आणि तिच्याकडे बघत राहिले.

तिने जरा वाट पाहिली. मग म्हणाली, "सहाला आहे. पण आपण चारलाच निघू. मला अगदी पुढच्या रांगेत बसायचंय."